दोन्ही अर्थ जोडावेत

९ एप्रिल, गुरुवार

बॅटरीच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी तीन महिने कपाटावर धूळ खात पडली होती. आज काढली, कारण बायको म्हणाली की कामातल्या चुका लिहून ठेवल्यास तर त्या पुन्हा होणार नाहीत, आणि झाल्याच तर निदान आधीची तारीख तरी सापडेल.

तर चूक पहिली. खरं म्हणजे ही माझी नाही, विजेची आहे. काल दुपारी मावशीच्या माळावर वीज पडली आणि मी पाच महिन्यांपूर्वी मोठ्या थाटात बसवलेला इन्व्हर्टर जळाला. त्याच्याबरोबर फ्रिज गेला, पंपाचा स्टार्टर गेला, माळावर फोनला रेंज आणणारा बूस्टर गेला. मावशी ठणठणीत आहे.

मावशीचं घर माळाच्या अगदी टोकाला. तिथवर विजेचे खांब गेलेले नाहीत आणि एका घरासाठी कुणी नेणारही नाही. छपरावरची आठ सौर पॅनेलं आणि अंगणातली एक छोटी पवनचक्की यांच्यावर सगळं घर चालतं. नोकरी सोडून मी हा धंदा काढला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मावशीच होती. दुसऱ्या कुणाची माझ्यावर विश्वास ठेवायची हिंमतच नव्हती.

आज इन्व्हर्टरचं झाकण उघडलं तर आत सगळं काळंठिक्कर. मावशी टॉर्च धरून शेजारी उभी होती. तिनं विचारलं, दुरुस्त होईल की दोन मिनिटं उभं राहायचं? चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली तिनं. कुठलीही वाईट बातमी ती अशी एका ओळीत बसवते.

११ एप्रिल, शनिवार

ताईचा फोन. ताई म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दातांची डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात काहीतरी कोंबून मग प्रश्न विचारायची तिला सवय आहे, त्यामुळे उत्तराची वाट बघणं तिला माहीतच नाही.

दोन दिवस आईशी बोलता आलं नाही म्हणून ती हवालदिल झाली होती. मी तिला समजावलं की नवा इन्व्हर्टर चार दिवसांत बसेल. ती म्हणाली, बसव. पण नीट ऐक. वादळाचे दिवस आता कुठे सुरू झालेत. "पुन्हा एकदा जरी आईशी दोन तास संपर्क झाला नाही, तर मी येऊन तिला घेऊन जाईन. खोली तयारच आहे."

ती खोली मी पाहिली आहे. चौथा मजला, खिडकीतून खाली गाड्यांची रांग. मावशी गेल्या वर्षी तिथे आठ दिवस राहून आली आणि म्हणाली, चांगली आहे, माझी पुस्तकं तिथे खुशीत राहतील. स्वतःबद्दल काहीच बोलली नाही. तिचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती त्या घरात एकटी आहे, एक मांजर आणि डबाभर लाल पेन्सिली घेऊन, आणि मला तरी ती मजेत दिसते. तिला तिथून उठवलं तर ती कोमेजेल. आणि उठवणारा मी ठरेन.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग यावेळी एखादा जाणता माणूस बरोबर घे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण घेतला.

१४ एप्रिल, मंगळवार

जाणता माणूस म्हणजे मेगरकाका. वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. खाली बाजाराच्या मागे एका खोलीत राहतात. मेगर म्हणजे हातानं दांडा फिरवायचं एक जुनं यंत्र. जमीन वीज किती सहज पोटात घेते ते त्यावर कळतं. आकडा जितका कमी, तितकं बरं. काका ते यंत्र खांद्याला लावूनच फिरतात, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर असेल. बोलतात फार थोडं.

घराभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "हे दोन अर्थ एकमेकांना कुठे जोडलेत?"

मावशी पायरीवर बसून पेपरातल्या चुका काढत होती. तिनं मान वर केली. अर्थ जमिनीत कधीपासून पुरायला लागले, असं तिनं विचारलं. मी समजावलं की जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या सळईला आणि तिच्या तारेला आम्ही धंद्यातली माणसं अर्थ म्हणतो, इंग्रजीतून आलेला शब्द आहे. मावशी म्हणाली, अर्थ शब्दाला असतो. काका म्हणाले, "बाई, आमच्याकडे यंत्राला असतो. नसला तर यंत्र मरतं." मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. पेपर तिनं घडी करून ठेवला.

आता माझी बाजू लिहितो. पवनचक्कीच्या खांबावर मी पडणारी वीज झेलायला टोकदार सळई लावली आहे. तिचा अर्थ घराच्या मागे, तिथेच खांबाच्या पायाशी. इन्व्हर्टरचा अर्थ पुढे, तीस पावलांवर. मुद्दाम लांब. वीज आली तर तिनं मागच्या दारानं यावं आणि मागच्या दारानं जावं. माझ्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये. यात काय चुकलं?

काका म्हणाले, दोन्ही जोड. जाड तांब्याची पट्टी जमिनीतून टाक आणि दोन्ही एक कर. म्हणजे विजेला मी स्वतः हात धरून इन्व्हर्टरकडे आणायचं! मी स्वच्छ नाही म्हटलं.

तेव्हा ते बोलले, आणि त्यांच्या मानानं भाषणच झालं. "वीज पडली की तिथली जमीन क्षणभर वर उचलली जाते. डोळ्यांना दिसत नाही, पण जाते. नाव लाटेवर उचलली गेली तर नावेतल्या माणसाला काही होत नाही. एक पाय नावेत आणि एक काठावर असला, तर फाटतो. तुझा इन्व्हर्टर फाटला."

मावशी म्हणाली, कळलं. मला नाही कळलं. मी म्हटलं, बघू.

जाताना काका म्हणाले की नव्या सळया, पट्टी, विजेचा झटका अडवणाऱ्या डब्या, सगळं आठवड्याभरात बसेल. आपण होऊन मदतीला येतो म्हणाले. माणूस कामसू आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

नवा इन्व्हर्टर भिंतीवर चढवला. उद्यापासून चार दिवस मला दूरच्या एका रोपवाटिकेत पंप बसवायला जायचं आहे. खणायचं काम तेवढ्यात काका करतील. त्यांचा हटवादीपणा ठाऊक असल्यानं दहा सूचना ठळक अक्षरांत लिहून कागद स्विचांच्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला. सहावी सूचना अधोरेखित: दोन्ही अर्थ जोडू नयेत.

काका मान हलवून म्हणाले, कागद तुझा, काम तुझं, लिहिशील तसं होईल. जुन्या खात्यातल्या माणसांचं हे मला आवडतं.

२२ एप्रिल, बुधवार

कपाळाला हात लावायची वेळ आली.

माळावर पोचलो तर मागच्या खांबापासून पुढच्या भिंतीपर्यंत ताज्या मातीचा पट्टा. पाय मारून बघितलं, खाली तांब्याची पट्टी. जोडलेत! मी काकांना विचारलं, हे काय? ते शांतपणे म्हणाले, कागदावर आहे तसंच आहे.

पॅनेल उघडलं. माझ्या दहा सूचनांवर लाल पेन्सिल फिरली होती. 'कनेक्‍शन'मधलं जोडाक्षर, 'व्यवस्थित'मधला ऱ्हस्व-दीर्घ, एक विसरलेला अनुस्वार, एकूण नऊ दुरुस्त्या. आणि सहाव्या सूचनेत 'जोडू नयेत' यावर काट मारून वर सुबक अक्षरांत 'जोडावेत'. समासात काटेकोरपणे दुरुस्तीची खूण. काकांनी आज्ञाधारकपणे वाचून तसं केलं होतं.

मावशीला जाब विचारायला गेलो तर ती मांजराला दूध घालत होती. वाक्य चुकलं होतं, म्हणाली. मी म्हटलं, वाक्य बरोबर होतं, तुला पटलं नाही ही गोष्ट वेगळी. त्यावर ती म्हणाली, "चाळीस वर्षांत मी कुणाच्या मजकुराचा अर्थ बदलला नाही रे. हा पहिला." आणि हसली. वयाप्रमाणे हट्टी होत चालली आहे, दुसरं काय.

रागारागात इन्व्हर्टर बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सर, म्हणजे आधी तुम्ही दोन्ही अर्थ जोडलेले नव्हते? मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.

ही चूक दुसरी. की पहिलीच? पहिल्या तारखेला नेऊन टाकायला हवी.

२८ एप्रिल, मंगळवार

काकांबरोबर मोजमाप. जमिनीत खुंट्या ठोकायच्या, तारा ताणायच्या आणि मेगरचा दांडा फिरवायचा. मुरमाड माळ आहे, त्यामुळे दहाच्या आत आकडा आला तरी खूप असं ते म्हणाले होते. आठ आला. मी खूश. स्वयंपाकघरातलं सांडपाणी एका पाइपनं अर्थच्या खड्ड्यात सोडलं आहे, म्हणजे माती ओली राहील. ही युक्ती माझी. मावशीलाही आवडली.

काम संपलं असं मी जाहीर केलं. मावशी म्हणाली, एकदाच मोजून कसं चालेल? पहिल्या मुद्रितावर कुणी पुस्तक छापतं का? काका म्हणाले, पुढच्या मंगळवारी एक नजर टाकतो. नको म्हणण्यासारखं काही नव्हतं.

५ मे, मंगळवार

एकोणीस! आठाचे एकोणीस झाले. दांडा मीही फिरवून बघितला. खड्डा खडखडीत कोरडा. पाहतो तर पाइप खड्ड्यातून निघून गुलाबाच्या वाफ्यात जाऊन पडलेला. मांजराचं काम. मावशीलाही तसंच वाटतं. पाइप पुन्हा बसवला.

काकांनी त्यांच्या वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या मंगळवारी येतो म्हणाले. आज इस्त्रीचा शर्ट होता. बहुतेक पेन्शनचा दिवस असावा.

१२ मे, मंगळवार

बावीस. पाइप पुन्हा गुलाबात. गुलाब मात्र फोफावले आहेत.

या मांजरानं माझा धंदा बुडवायचं ठरवलं आहे. दर शनिवार-रविवारी हे होतं, कारण शुक्रवारी मी बघितलं तेव्हा पाइप जागेवर होता. मावशीला म्हटलं, मांजराला दोन दिवस बांधून ठेव. ती म्हणाली, ते काय ढोर आहे?

घरी येऊन बायकोला हे कोडं सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, मंगळवारी आकडा वाढतो का? हो. आणि मंगळवारनंतर उतरतो? बहुधा. मग तिनं मावशी मंगळवारी कुठली साडी नेसते ते विचारलं. आता साडीचा आणि जमिनीचा काय संबंध? बायकांना तांत्रिक गोष्ट सांगायला गेलं की हे असं होतं. असं मी तिला म्हटलं नाही. इथे लिहितो आहे.

१४ मे, गुरुवार

काकांकडून मेगर मागून आणलं आणि मुद्दाम आडवारी जाऊन मोजलं. नऊ. पाइप जागेवर. मी काही न कळवता आलेला पाहून मावशी दचकली, आज काय म्हणून विचारत होती. आकडा हवेमुळे वरखाली होत असावा, मी म्हटलं. ती म्हणाली, असेल.

१९ मे, मंगळवार

एकवीस. मी आता हात टेकले आहेत.

खड्ड्याशी वाकून पाइप बसवत होतो, तेव्हा वर व्हरांड्यात दोघं चहा घेत होती. मावशीचा आवाज ऐकू आला. ती काकांना विचारत होती, "एका शब्दाला दोन अर्थ असू शकतात, हे तुम्हाला मान्य आहे का?" काका म्हणाले, असतील. "मग 'पुढच्या मंगळवारी येतो' याचे किती?"

 मेगरचा दांडा नुसताच फिरण्याचा आवाज येत होता, तारा तर सगळ्या माझ्या पायाशी पडल्या होत्या. मग काका म्हणाले, "एकच."

मी खालून ओरडलो की बरोबर आहे, एकच पाहिजे, दोन ठेवले म्हणूनच मागच्या वेळी जळालं! दोघांनी कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघितलं. मी आता पुरता त्यांच्या बाजूनं आहे हे त्यांना कळावं, एवढाच माझा उद्देश होता.

ताईनं रोज संध्याकाळी फोन करायचा नेम धरला आहे. आईचा आवाज छान येतो म्हणते. हल्ली आई मंगळवारी मात्र घाईत असते, असं का, असं विचारत होती. मी सांगितलं की त्या दिवशी मोजमाप असतं.

२५ मे, सोमवार

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी तीनला आकाश एकदम अंधारलं. आमच्या घराच्या गच्चीवरून माळ दिसतो. मी वरच उभा होतो. एक लोळ सरळ माळाच्या टोकावर उतरताना मी बघितला. उतरला आणि सगळं पांढरं झालं. मला पवनचक्कीचा खांब दिसला, नंतर पाऊसच दिसला. मी मनात म्हटलं, आज सोमवार. खड्डा कोरडा.

मावशीला फोन लावला. वाजला. पुन्हा लावला, वाजला. तेवढ्यात ताईचा आला. तिनं हवामानाची सूचना वाचली होती आणि तीही सारखी आईला फोन करत होती. म्हणाली, नुसता वाजतोय, कुणी उचलत नाही. मी आनंदानं म्हणालो, वाजतोय म्हणजे बूस्टर चालू आहे, बूस्टर चालू म्हणजे इन्व्हर्टर चालू आहे! तिनं फोन आपटला. तो आवाज ऐकल्यावर मला माझं वाक्य ऐकू आलं.

गाडी काढली. वीस मिनिटांचा रस्ता, पण ओढ्याला पाणी आलं होतं, ते उतरेपर्यंत तासभर गाडीत बसून राहावं लागलं. मी त्या तासात मावशीच्या किती आठवणी काढल्या ते लिहीत नाही.

पोचलो तर दार सताड उघडं. दिवे लागलेले. फ्रिजची घरघर चालू. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा. झटका अडवणाऱ्या तीन डब्यांपैकी दोनांच्या दर्शक खिडक्या लाल झालेल्या, म्हणजे त्यांनी झटका स्वतःवर घेतला होता आणि यंत्र वाचवलं होतं. एरवी मी नाचलो असतो. मावशी कुठेच नव्हती. मांजर कपाटावर.

बाहेर धावलो. घरामागच्या पायवाटेच्या वळणावर दोघं येताना दिसली. काका बंद पडलेली मोपेड ढकलत होते, मावशी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून चालली होती आणि स्वतः नखशिखांत भिजली होती. ती त्यांना रागावत होती. मावशीला मी इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाला एवढी अक्कल नको का, उघड्या माळावर, डोक्यावर वीज, असं एकसारखं चाललं होतं, आणि ती रडत होती. काका मान खाली घालून ऐकून घेत होते. वीज पडली तेव्हा ते मोपेड टाकून वाटेकडेच्या चरीत उकिडवे बसले होते. मावशी वरून बघत होती. तिला मोपेड पडलेली दिसली, माणूस दिसेना. ती फोन घरात टाकून छत्री घेऊन तशीच धावली, आणि पावसाचा जोर ओसरेपर्यंत दोघं तिथेच अडकली.

मोपेडला मागे पाण्याचा वीस लिटरचा कॅन बांधलेला होता. हा कशाला, मी विचारलं.

"ढग बघितले," काका म्हणाले. "सोमवारी खड्डा कोरडा असतो."

हे त्यांना कसं ठाऊक, मी विचारणार होतो. मावशीनं तोंड फिरवलं. शेवटी अनुभव तो अनुभव.

ताईला फोन करून कळवलं तेव्हा दोन तास होऊन गेले होते. तिनं आईकडे फोन द्यायलाही सांगितलं नाही. उद्या सकाळी निघते एवढंच म्हणाली.

२६ मे, मंगळवार

ताई अकराला आली. गाडीच्या मागच्या सीटवर आठ-दहा रिकामे खोके, चिकटपट्टी, दोरी. आईला घट्ट मिठी मारली आणि लगेच विचारलं, पुस्तकांपासून सुरुवात करू या का?

मी पुढे झालो. तिला पॅनेल दाखवलं, लाल खिडक्या दाखवल्या, जमिनीतल्या पट्टीची सगळी हकिगत सांगितली, अगदी नाव आणि काठ यांच्यासकट. माझी आधीची चूकही कबूल केली. यंत्र वाचलं ताई, म्हटलं, आता काही होणार नाही.

ती म्हणाली, यंत्र चालू होतं हे कालच कळलं. फोन वाजत होता. म्हणूनच जास्त भीती वाटली. मग तिनं आईकडे वळून विचारलं, "वीज पडत होती आणि तू बाहेर काय करत होतीस?"

मावशी पायरीवर बसली होती. काका खड्ड्याशी पाइपची जोडणी सरळ करत होते. मीच सांगायला लागलो की काकांकडे पाण्याचा कॅन होता आणि सोमवारी पाइप मांजरामुळे—

"मांजरानं नाही काढला," मावशी म्हणाली. "मी काढत होते. दर शनिवारी. आकडा बिघडला की ते पुन्हा येतील म्हणून. त्यांनाही पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. काल ते त्यापायी मेले असते."

मग तिनं ताईकडे बघितलं. "मला इथून जायचं नाही. आणि एकटीनं राहायचंही नाही. दोन्ही एकदम बोलायला मला लाज वाटत होती."

मी पाइपकडे बघितलं, गुलाबांकडे बघितलं, काकांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. बायको गेले दोन आठवडे मला काय विचारत होती ते एकेक करून डोक्यात शिरायला लागलं. मी खरंच बिनडोक माणूस आहे.

 ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती काकांवरच चालून गेली. आईनं पुन्हा असं काही केलं तर? पुन्हा वीज पडली, पुन्हा फोन उचलला नाही तर? तुम्ही हमी देता?

काकांनी हात पुसले. उठून उभे राहिले.

"विजेची हमी कुणी देत नाही," ते म्हणाले. "माझी देतो."

त्यानंतर ताईनं जे विचारलं ते तीच विचारू जाणे. "दात स्वतःचे आहेत?"

"दोन सोडून."

"मग त्या दोनांसाठी या एकदा माझ्याकडे," ती म्हणाली, आणि नाक ओढत घरात गेली. मावशी तिच्या मागे गेली. दार बंद झालं. आत कितीतरी वेळ दोघींचं बोलणं चाललं होतं. आधी रडणं ऐकू आलं, मग कशावर तरी दोघी हसल्या. आम्ही दोघं बाहेर खड्ड्यापाशी उभे. मी म्हटलं, काका, मोजायचं का? ते म्हणाले, आज राहू दे.

मला फार आनंद झाला आहे, आणि थोडं वाईटही वाटतं आहे. मावशी मजेत आहे असं मी या डायरीत लिहिलं होतं. ती नऊ वर्षं एकटी होती आणि मी दर आठवड्याला तिच्या घरी जाऊन जमीन मोजत होतो.

चारच्या सुमारास ताई निघाली. गाडीत बसायच्या आधी तिनं मागचं दार उघडलं, रिकामे खोके एकेक करून बाहेर काढले आणि काकांच्या मोपेडपाशी रचून ठेवले. काका म्हणाले, हे कशाला?

"तुमचं सामान आणायला," ताई म्हणाली.

काकांनी खोक्यांच्या ढिगाकडे बघितलं. आपलं सामान फार नाही, एक खोका पुरेल, असं म्हणाले. मावशी पायरीवरून म्हणाली की दोन न्या, एकावर एक नीट बसतात, आणि ती दोरी शोधायला आत गेली.